कालव्यातील नौकाविहार

कालव्याच्या पाण्यातून संथ गतीने, बहुधा नावेतच मुक्काम करत केलेला प्रवास. त्याचे माहेरघर इंग्लंड. तेथील कालवे खोदले गेले ते मालासाठी. खाणीतला कोळसा मँचेस्टरला पोहोचवणारा ब्रिजवॉटर कालवा 1761 मध्ये सुरू झाला. काठावरचा घोडा दोराने नाव ओढी. पुढे माल रेल्वेने आणि ट्रकने पळवला आणि कालवे ओस पडू लागले. एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’ (1944) या पुस्तकाने कालवे वाचवण्याच्या चळवळीला बळ दिले.

नॅरोबोट जेमतेम 7 फूट रुंद, पण 72 फुटांपर्यंत लांब असते. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की ती उजवीकडे वळते. वेगमर्यादा ताशी 4 मैल. दिवसाचा पल्ला ठरवताना प्रत्येक लॉक (नाव वर-खाली नेणारा दरवाजांचा कप्पा) एक मैल धरतात, कारण खरा वेळ तिथेच जातो. चढाच्या लॉकमध्ये नाव आत घेऊन मागचे दरवाजे लावायचे, हँडल फिरवून झडपा उचलायच्या आणि वरचे पाणी आत घ्यायचे. नाव पाण्याबरोबर वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय पुढचा दरवाजा तसूभरही हलत नाही.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, वारूळवाडी-नारायणगावकडे मात्र ‘कॅनॉल’ म्हणजे शेताचे पाणी. जवळच्या येडगाव धरणातून निघणारा 249 किमी लांबीचा कुकडी डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. डिंभे धरणातले घोड नदीचे पाणीही कालव्याने येडगावात येते. इंग्लंडचा कालवा पाणी लॉकांमध्ये अडवून धरतो. कुकडीचे पाणी उतारावर धावते आणि आवर्तन संपले की कालवा कोरडा पडतो. नावेसाठी पाणी साठवून ठेवणे इथे परवडणारे नाही. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा त्यावर आधी हक्क आहे. शिवाय अस्तर केलेल्या उतरत्या बाजूंवर पाय ठरत नाही, म्हणून भरल्या कालव्यात उतरणे जिवावर बेतते.

तरीही सिंचन आणि नौकानयन एकाच कालव्यात बसवता येते. 1854 मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर पाण्याच्या प्रपातांशेजारी नावांसाठी लॉक बांधले होते. कुकडी प्रकल्पात तशी सोय नाही. जुन्नर तालुक्यात नावेत बसायचे तर कालवा सोडून जलाशयावर जावे लागते. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आलेले भाविक येडगावच्या फुगवट्यात फेरी मारतात.