पाण्याला वाट, हवेला वाट : खानदेशातल्या प्लंबर मंडळींसाठी थोडा इतिहास

आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे, पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक प्लंबर आणि फिटर आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे आज सनावळ्या बेताच्या ठेवू आणि पाइपाबद्दल जास्त बोलू. इतिहासाच्या पुस्तकात तलाव बांधणारा सुभेदार सापडतो, धरणाचा इंजिनिअर सापडतो. सांधा जोडणारा माणूस मात्र सापडत नाही. आणि पाणी गळतं ते सांध्यातूनच.

आधी 'प्लंबर' या शब्दाचं बघा. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात. रोमन लोक शिशाचे पाइप टाकायचे, म्हणून शिशाचं काम करणारा तो प्लंबर. गंमत म्हणजे व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं की मातीच्या नळीतलं पाणी शिशाच्या नळीतल्यापेक्षा चांगलं. हे शिसं लक्षात ठेवा, पुढे जळगावात ते परत भेटणार आहे.

आता आपल्याकडं येऊ. आज आपण खानदेश म्हटलं की जळगाव-धुळे-नंदुरबार समजतो. पण मोगलांच्या काळात खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं बऱ्हाणपूर. रावेर ओलांडलं की लगेच, फक्त आता मध्य प्रदेशात. तिथं १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, जमिनीखालून पाणी आणायची एक व्यवस्था झाली. तिला कुंडी भंडारा म्हणतात. तब्कुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकारानं ती आखली असं सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहराकडं न्यायचं. मोट नाही, रहाट नाही. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतरानं विहिरीसारख्या कुंड्या, शंभराहून जास्त. वरून बघणाऱ्याला त्या विहिरीच वाटतात.

या कुंड्या कशासाठी? बोगदा खोदताना माती वर काढायला त्या लागल्याच. पण काम झाल्यावर त्या बुजवल्या नाहीत, हे महत्त्वाचं. त्यातून आत हवा जाते, माणूस उतरतो, कुठं तुंबलंय ते दिसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ते व्हेंट पाइपही आहेत आणि इन्स्पेक्शन चेंबरही. आणि त्यांची गरज पडली. बऱ्हाणपूरच्या पाण्यात चुना भरपूर. बोगद्याच्या भिंतींवर क्षाराचे थर चढत गेले आणि वाट अरुंद झाली. तुमच्या गीझरच्या कॉइलवर चढतो तोच हा पांढरा थर. फरक इतकाच की तिथं तो काढायला माणूस आत उतरू शकतो. टाइलच्या मागे गाडलेल्या पाऊण इंची पाइपात कोण उतरणार?

धुळ्याकडं गेलं की दुसरी गोष्ट दिसते, फड. पांझरा नदीवर आणि बाजूच्या मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधाऱ्यांची रांग आहे. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि गावाची भिजणारी जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पुढच्या वर्षी फेरपालट. बांधकाम साधंच आहे. खरी युक्ती माणसांच्या नेमणुकीत आहे. पाणी सोडणारा पाटकरी वेगळा, पिकाची राखण करणारा जागल्या वेगळा, त्यांच्यावर हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः चारी फोडायची नाही. पाटकरी पाणी देईल तेव्हाच घ्यायचं. पाट-चारीतला गाळ काढायचं काम गावानं वाटून घ्यायचं. आज नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन म्हणजे आपला पाटकरीच. फक्त पाटकऱ्याला गाव धान्य द्यायचं आणि मानही द्यायचं. व्हॉल्व्हमनच्या वाट्याला बहुतेक शिव्याच येतात.

याच पांझऱ्याच्या खोऱ्यात, साक्री तालुक्यात दातर्ती नावाचं गाव आहे. १८८४ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून लागले आणि खानदेशात आले. वय तेवीस. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे दातर्तीचा पाइपचा सायफन. काम चालू असताना पावसानं गाठलं. हे काम पावसाळ्यानंतर करावं, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग त्यांनी तसंच काम हातात घेतलं आणि पुरं करून दाखवलं. पुढे याच माणसानं खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, म्हैसूरचे दिवाण झाले, भारतरत्न झाले. ते सगळ्यांना पाठ असतं. आम्हाला दातर्तीच जास्त जवळची वाटते, कारण ते तुमच्या धंद्यातलं काम आहे.

तिथं आपण ज्याला सायफन म्हणतो तो खरं तर उलटा सायफन. पाणी पाइपातून खाली उतरतं, खोलगट भागाच्या तळातून जातं आणि पलीकडं परत वर चढतं. अट एकच: बाहेर पडायचं तोंड आत शिरायच्या तोंडापेक्षा खाली हवं, घासाघाशीत जोर जातो तेवढं तरी. यात दोन शत्रू. सगळ्यात खालच्या जागी गाळ बसतो आणि वरच्या वळणात हवा अडकते. गाळावर उपाय म्हणजे वेग. अनेकांना वाटतं की पाइप जितका मोठा तितका चांगला. तसं नाही. पाणी थोडं आणि पाइप मोठा असला की वेग मरतो आणि गाळ तळाशी बसतो. तुमच्या ड्रेनेजलाही हाच नियम. चार इंची लाइनला साधारण ६० फुटांना १ फूट उतार द्या. सपाट टाकली तर घाण बसणारच. हवेचं म्हणाल तर गच्चीवरच्या टाकीतून निघालेली लाइन कठड्यावरून वर चढवून मग खाली आणली की त्या उंचवट्यावर हवा कोंडते, आणि घरचे म्हणतात, टाकी भरलेली आहे तरी नळाला धार नाही. लाइन सरळ उतरती ठेवा. जमतच नसेल तर सगळ्यात उंच जागी हवेचा पाइप काढा आणि तो टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्या.

आता ज्यासाठी आम्ही आज मुख्यतः बोलतोय तिथं येतो.

धुळ्याला नकाणे तलाव, डेडरगाव तलाव, पुढे तापीवरून लाइन, आता अक्कलपाड्याचं पाणी. जळगावला वाघूर धरण. एवढं असूनही आपल्याकडं सकाळचा पहिला प्रश्न 'पानी उनं का?' हाच आहे. नळाला रोज पाणी नाही. काही गावांत तर आठवडा-आठवडा नाही. याचा त्रास सगळे मोजतात तो रिकाम्या हंड्यांत. पण पाणी नसलेल्या दिवसांत त्या पाइपात काय होतं, हे फक्त प्लंबरच समजू शकतो.

व्हॉल्व्ह बंद झाला की गावाच्या उताराकडचे नळ उरलेलं पाणी ओढून घेतात. वरच्या भागातल्या पाइपात मग पोकळी तयार होते आणि पाइप बाहेरून ओढायला लागतो. आता सायफन खरोखरचा, आणि उलट्या दिशेनं. कुणाच्या नळाला लावलेली नळी बादलीत बुडालेली असेल तर बादलीतलं पाणी परत लाइनीत जातं. गटारातून गेलेल्या गंजक्या कनेक्शनला भोक असेल तर गटारातलं पाणी आत जातं. दोन दिवसांनी नळ येतो तेव्हा ते सगळं आधी कुणाच्या तरी हंड्यात पडतं. त्यात कुणी थेट लाइनीला मोटार लावली की ही ओढ कितीतरी पटीनं वाढते. मोटार लावणारा शेजाऱ्याचं पाणी चोरतो असं आपण म्हणतो. पण तो त्याच्याबरोबर गटारही ओढून घेतो, आणि पितो स्वतःच. गावात कावीळ किंवा टायफॉइडची साथ आली की लोक धरणाकडं बोट दाखवतात. पुष्कळदा उत्तर गल्लीतच असतं.

हे फक्त गरीब गावात होतं असं नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांमध्ये आमांशाची साथ पसरली. सुमारे चौदाशे लोक आजारी पडले, ९८ मेले. शोध घेतला तेव्हा कारण निघालं प्लंबिंग. पिण्याच्या आणि मैल्याच्या लाइनी एकमेकींशी जोडल्या गेल्या होत्या, जुने पाइप गळत होते, घाण पिण्याच्या पाण्यात जात होती. उलटा प्रवाह थांबवायचे नियम तिकडं कडक होण्यामागं ही साथ आहे. आमचं मत असं की डॉक्टरच्या बरोबरीनं गावाची तब्येत राखणारा माणूस म्हणजे प्लंबर. हे तोंडदेखलं कौतुक समजू नका, ही जबाबदारी आहे.

मग करायचं काय? नगरपालिकेचं पाणी आधी हौदात किंवा जमिनीखालच्या टाकीत पडू द्या आणि मोटार तिथून लावा, थेट लाइनीला कधीच नाही. गिऱ्हाईक आग्रह करेल, "सगळेच लावतात" म्हणेल. तरी नाही म्हणा. टाकीत पडणाऱ्या नळाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर ठेवा, पाइपाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर. हे मोकळं अंतर कुठल्याही एनआरव्हीपेक्षा भरवशाचं, कारण हवेला गंज लागत नाही आणि तिच्यात कचरा अडकत नाही. जमिनीखालच्या टाकीचं तोंड अंगणापेक्षा उंच घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात अंगण आत जाईल. कनेक्शन गटार ओलांडत असेल तर वरून न्या. ते शक्य नसेल तर मोठ्या पाइपाच्या आतून न्या, आणि गटाराच्या पट्ट्यात एकही सांधा नको. खूप दिवसांनी नळ आला की पहिलं पाणी सोडून द्यायला घरच्यांना सांगा. सांगायला पैसे लागत नाहीत.

आता जळगाव. भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये इथं पीव्हीसी पाइपांचं उत्पादन सुरू केलं, नंतर ठिबक आलं, आणि जळगावचा पाइप देशभर गेला. त्याआधी आपल्याकडं सगळं काम जीआयचं. आटे पाडायचे, सुतळी गुंडाळायची, सफेदा लावायचा. सफेदा म्हणजे मूळचं शिशाचंच रंगद्रव्य. पुढे पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातही शिसं होतं, प्लास्टिक टिकावं म्हणून घातलेलं. त्यावर केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम काढले. म्हणजे रोमचं शिसं आपल्यापर्यंत पोहोचायला दोन हजार वर्षं लागली. पिण्याच्या लाइनीसाठी पाइप घेताना त्यावर काय छापलंय ते वाचा. स्वस्तातला, छाप नसलेला पाइप नको.

प्लास्टिक आलं आणि काम सोपं झालं, पण आपलं ऊन त्या प्लास्टिकला माहीत नव्हतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. १० मीटरची पीव्हीसी लाइन ३० अंश जास्त तापली की साधारण दोन सेंटिमीटर वाढते. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट आवळली असतील तर ती वाकते, नाहीतर एल्बोत फुटते. क्लॅम्प सरकता ठेवा, लांब लाइनीत एखादं वळण द्या. गच्चीवरच्या पाइपाला पांढरा रंग मारा, उन्हानं तो ठिसूळ होतो. आणि सोल्यूशन दुपारी लावू नका. पाइप सॉकेटमध्ये जायच्या आधीच ते सुकतं. सांधा बसल्यासारखा दिसतो आणि दोन महिन्यांनी सुटतो.

गरम पाण्याबद्दल थोडक्यात. तांब्याचा बंब सगळ्यांनी पाहिलाय. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी. रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्ये जाळाच्या नळ्या असतात, त्याचीच ही घरगुती बहीण. बंबाचा नियम आजीला ठाऊक होता: रिकामा पेटवायचा नाही. आणि तो वरून मोकळा असायचा, त्यामुळे वाफेला वाट होती. गीझर बंद डबा आहे. त्याची वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. तो ठिबकतो म्हणून त्याला प्लग मारून देणारे कारागीर आहेत. असा गीझर फुटू शकतो. ठिबकत असेल तर दाब का वाढतोय ते शोधा, व्हॉल्व्ह बदला, पण बुजवू नका. गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका. त्या विषारी वायूला वास नसतो. सोलरची टाकी पॅनेलच्या वर असते कारण गरम पाणी आपोआप वर चढतं. मधल्या पाइपात कुठंही उलटा उतार आला की हवा अडकते आणि फिरणं थांबतं. परत दातर्तीच.

एक शेवटचं, आणि त्याला खर्च शून्य. बऱ्हाणपूरच्या कुंड्या वरून दिसतात, म्हणून चारशे वर्षांनीही खालचा बोगदा कुठून जातो ते कळतं. आपण टाइल लावून टाकतो आणि पाच वर्षांनी दुसरा कारागीर ड्रिल मारून पाइप शोधतो. टाइल लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे अंतर कळेल. ते घरमालकाला पाठवा आणि एक प्रत आपल्याकडं ठेवा. मेन व्हॉल्व्ह कुठं आहे ते घरातल्या बाईंना प्रत्यक्ष बंद करून दाखवा. पाइप फुटतो तेव्हा घरात बहुतेक वेळा त्याच असतात.

आता प्रश्न घेऊ.