नागपूरकरांच्या फिरंगेवरील लेख

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावगृहात विक्रीस निघालेली एक तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली. त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, तीवर सोन्याची कोफ्तगरी. पात्याच्या पाठीवर मुठीलगत सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लेख आहे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. या पाच शब्दांच्या आधारे ही तलवार नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी (१६९५–१७५५) यांची ठरली. हा निर्णय बहुधा योग्यच असेल. परंतु लेख जितके सांगतो त्याहून तो अधिक सांगतो.

शस्त्रावरील लेख शस्त्राचे वय सांगत नाही, लेखाचे सांगतो. भोपाळच्या वाचकांस याचा दाखला दूर शोधावयास नको. आपल्या हबीबगंज स्थानकास नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापतीचे नाव दिले गेले. उद्या कोणी केवळ फलक पाहून स्थानकाचा काळ ठरवू लागला, तर तो फलक रंगविणाराचा काळ ठरवील! तलवारीचेही तेच. पाते, मूठ आणि लेख हे तीन निराळे साक्षीदार असून त्यांच्या जबान्या स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांस गेलेल्या तलवारीच्या पात्यावर ‘आय. एच. एस.’ ही ख्रिस्ती नाममुद्रा आहे. ती पाते घडविणाऱ्या युरोपीय कारागिराच्या जगातली, तलवार बाळगणाऱ्या मराठी धन्याच्या जगातली नव्हे. नागपूरकरांच्या पात्यावर याउलट धन्याचे नाव आहे, आणि म्हणूनच तो धनी नेमका कोण, हा प्रश्न तेथे अधिक टोकदार होतो.

सेनासाहेबसुभा ही पदवी शाहूछत्रपतींनी प्रथम परसोजी भोसल्यांस दिली. त्यांच्यामागून कान्होजी व नंतर रघूजी तिचे मानकरी झाले आणि पुढे ती नागपूरच्या गादीशी जोडली गेली. त्या गादीवर रघूजी नावाचे तीन पुरुष बसले. दुसरे १८१६ साली वारले, तिसरे १८५३ साली. तेव्हा नाव अधिक पदवी एवढ्या सामग्रीवर पहिले रघूजी सिद्ध होत नाहीत.

मला त्या लेखातील सर्वांत बोलका शब्द वाटतो तो अखेरचा. विजयाच्या स्मरणार्थ कोरलेल्या लेखात शस्त्राची जात कशाला सांगावी? धन्याचे नाव, त्याची पदवी आणि मग ‘फिरंग’ ही मांडणी सिलेखान्यातील नोंदीसारखी आहे. ‘श्रीमंत’ हा शब्दही चाकराच्या लेखणीतला दिसतो. ही मालकीची खूण असावी. तसे असेल तर ती पाते खरेदी होताच घातलेली असण्याचे कारण नाही; जुने, वडिलार्जित पातेही पुढच्या पिढीच्या नावाने नोंदले जाऊ शकते.

तलवार परदेशी कशी गेली, याविषयी १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीकडे बोट दाखविले जाते. तो एक मार्ग खरा. दुसराही आहे : १८५४ साली राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या वाड्यातील जवाहीर व मौल्यवान वस्तू कलकत्त्यास लिलावात गेल्या. पहिला मार्ग धरला तर तिसरे रघूजी आपोआप वगळले जातात, कारण ते १८१८ मध्ये गादीवर आले. दुसरा धरला तर तिघेही उरतात. म्हणजे मालकाचा प्रश्न मार्गाच्या प्रश्नात गुंतलेला आहे, आणि हे कोडे गौरवाच्या भाषणांनी सुटणारे नाही.

उपाय आहे, मात्र तो चिकाटीचा. मराठ्यांचा दप्तरी व्यवहार मोडीत चाले, तर मुद्रा बहुधा देवनागरीत कोरल्या जात. तिन्ही रघूजींच्या पत्रांवरील मुद्रांची अक्षरे या लेखाशेजारी ठेवून त्यांची वळणे ताडून पाहावीत. ‘राघोजी’ हे नावाचे रूप कोणत्या काळच्या कागदांत येते ते तपासावे. मुठीच्या कोफ्तगरीची तुलना कालनिश्चिती झालेल्या मुठींशी करावी. भोपाळकरांस या निकालाविषयी निराळेच कुतूहल वाटावे. पहिल्या रघूजींची कीर्ती बंगालच्या स्वाऱ्यांची. परंतु १८१३–१४ मध्ये शिंद्यांच्या फौजेबरोबर ज्या नागपुरी फौजेने आपल्या या शहरास वेढा घातला आणि वजीर मुहम्मदखानाने ज्यांना दाद दिली नाही, ती फौज दुसऱ्या रघूजींची होती.