वाण, रक्त आणि वारसा

जळगांवाजवळचें असोदा हें गांव बहिणाबाई चौधरी यांचें माहेर म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. खानदेशांतील खवय्यांस तें भरिताच्या वांग्यांसाठींही ठाऊक असतें. वांग्याचें बीं धरण्याची जुनी रीत अशी, कीं निरोगी झाडावरचें उत्तम फळ न तोडतां पिवळें होईपर्यंत पिकूं द्यावयाचें, आणि मग त्यांतील बीं धुऊन, राखेंत चोळून वाळवावयाचें. इतकें जपूनही पुढील वर्षीं एखादें झाड निराळ्याच रंगाचें फळ देतें. शेजारच्या शेतांतील केळ मात्र बीं धरीत नाहीं. ती कंदापासून लावितात, म्हणून लेक हुबेहूब आईसारखी निघते. बीजास दोन घरांचा वारसा आणि कंदास एकाच घराचा, हा भेद शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. दोन घरांचा वारसा कोणत्या हिशेबानें उतरतो, हें मात्र कोणासच माहीत नव्हतें.

तो हिशेब ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील ब्रून येथील मठांत ग्रेगर मेंडेल नांवाच्या साधूनें मांडला. १८५६ पासून कांहीं वर्षें त्यानें वाटाण्याच्या सहस्रावधि रोपांची मोजदाद केली, १८६५ सालीं आपला निबंध वाचला आणि पुढील वर्षीं तो छापला. आईबापांचे गुण दुधांत पाणी मिसळावें तसे मिसळत नाहींत. प्रत्येक गुणाचे दोन दाणे असतात, एक आईकडचा व एक बापाकडचा, आणि एखादा दाणा एक पिढी लपून पुढच्या पिढींत पुन्हां प्रकट होतो, हें त्याचें म्हणणें. विद्वानांनीं त्याकडे पुरती पाठ फिरविली. १९०० सालीं तीन वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या वाटेनें तेथेंच पोहोंचले, तोंपर्यंत मेंडेल निवर्तून सोळा वर्षें झालीं होतीं. आज या दाण्यांस जनुक म्हणतात.

हा हिशेब माणसाच्या रक्तासही लागू पडतो याची साक्ष खानदेशांतच मिळते. तापी ओलांडून उत्तरेस गेलें कीं सातपुडा लागतो. तेथील भिल्ल, पावरा, कोकणी वस्त्यांत कांहीं मुलें लहानपणापासून फिकट असतात. हातपाय सुजतात, सांध्यांत व हाडांत असह्य कळा येतात, आणि कित्येक मुलें वयांत येण्यापूर्वींच दगावत. कोणी त्यास करणी म्हणे, कोणी देवाचा कोप. आणि दोष बहुधा आईच्या पदरीं पडे. आपल्याकडे तो पडावयास निमित्त फारसें लागत नाहीं!

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं केली. ग्रेनाडा बेटांतून दंतवैद्यक शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत त्यांस विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या. १९४९ सालीं लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं या रोग्यांचें हिमोग्लोबिनच निराळें असतें. त्याच वर्षीं जेम्स नील यांनीं रोगाचा वारसा मेंडेलच्या हिशेबाबरहुकूम उतरतो हें सिद्ध केलें. पुढें व्हर्नन इंग्राम यांनीं १९५६-५७ सालीं मूळ दोषावर बोट ठेविलें. हिमोग्लोबिनच्या एका साखळींत १४६ मणी असतात; त्यांतला सहावा मणी बदललेला असतो. एवढ्यानेंच प्राणवायु सोडून दिलेली पेशी वांकडी व ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते.

भारतांत ही खूण १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत सांपडली. १९५८ सालीं नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं ती मध्य भारतांतही असल्याचें प्रसिद्ध केलें. विदर्भांत ती आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. ती टिकली कशामुळें, याचें उत्तर अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंत शोधलें. ज्याच्याजवळ असा एकच दाणा आहे, तो माणूस रोगी नसतो, शिवाय जीवघेण्या हिंवतापापासून त्यास बरेंच संरक्षण मिळतें. जंगलांतल्या हिंवतापाच्या मुलुखांत तें एक कवचच होतें.

एकेक दाणा बाळगणारीं दोन माणसें विवाहबद्ध झालीं, तर प्रत्येक मुलास रोग होण्याचा संभव चारांत एक, केवळ वाहक होण्याचा चारांत दोन, आणि सर्वस्वीं मुक्त राहण्याचा चारांत एक. पहिलें मूल आजारी निघालें म्हणजे पुढचीं तीन सुखरूप, असा अर्थ कित्येक घरीं केला जातो. तो चुकीचा आहे. कवड्या दर खेपेस नव्यानेंच पडतात. शिवाय रोगी मुलाचा एक दाणा बापाकडूनच आलेला असतो, हें सासरच्या मंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

वारशाच्या विद्येचा समाजांत गैरवापरही पुष्कळ झाला. इरावती कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मानवी कवट्या मोजीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानपणावरून युरोपियनांचें श्रेष्ठत्व दिसेल अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनीं मापें घेऊन वंशावंशांत तसा भेद नाहीं असाच निष्कर्ष लिहिला. गुरूंच्याच घरीं बसून असें लिहावयास धैर्य लागतें. पुढें १९३३ सालीं जर्मनीनें आनुवंशिक दोषाच्या नांवाखालीं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि सुमारें चार लक्ष माणसें त्यांत भरडलीं. अमेरिकेंतही १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या रक्ततपासण्या झाल्या, आणि निरोगी वाहकांस नोकरी व विमा नाकारण्यांत आला.

भारतांत १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हें तिचें उद्दिष्ट. तपासणीनंतर पत्रक देतात. वधूवरांचीं पत्रकें ताडून पाहिलीं कीं संततीचा संभव कळतो. पत्रिकेंतील छत्तीस गुणांपेक्षां हा मेळ अधिक भरंवशाचा खरा; पण तें पत्रक मुलीचेंच तेवढें मागितलें जाऊं नये, आणि वाहकास रोगी म्हणूं नये.

उपचारांची हकीकत मोठी नवलाची आहे. गर्भांतल्या बाळाचें हिमोग्लोबिन निराळें असतें आणि तें पेशीस विळ्याचा आकार घेऊं देत नाहीं. जन्मानंतर तें ओसरतें. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें तें पुन्हां वाढतें व कळा कमी येतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेनें मंजूर केलेला जनुक-संपादनाचा उपचारही हेंच करितो. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर ठरली. भारतांतील रोग्यांच्या अंगीं गर्भावस्थेंतलें हें हिमोग्लोबिन मुळांतच अधिक प्रमाणांत शिल्लक राहतें. तरीही सातपुड्यांतल्या मुलांच्या कळा थांबत नाहींत, आणि त्यांस हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज, वर्षानुवर्षें, दवाखान्यांत मिळत राहावी लागते.