डेम्लो: एका स्टेशनाचं गणितातलं नाव

११११ चा वर्ग काढा. उत्तर १२३४३२१. आता मधला ४ बोटाने झाका. डावीकडे उरले १२३, उजवीकडे ३२१; बेरीज ४४४. झाकलेला आकडाच तीनदा होऊन वर आला! १२३२१ घ्या: मधला ३, बाजूंचे १२ आणि २१, बेरीज ३३.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. नाव ऐकून कोणी ग्रीक पंडित डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हे मुंबईपासून तीसेक मैलांवरचं, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन: डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा विचार तिथे सुचला, म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव दिलं. आज त्या फलाटावर उभं राहून आपण फक्त लोकल किती मिनिटं लेट आहे ते मोजतो.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या आकडेमोडीला इथल्या अनेक गणितज्ञांनी पोरखेळ मानलं. खेळ होताच, पण साधा नव्हता. नुसत्या एकांच्या ज्या संख्यांचे वर्ग घ्यायचे त्यांतली ११ मूळ संख्या. १११ मात्र ३ गुणिले ३७, ११११ म्हणजे ११ गुणिले १०१, आणि ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. पुढची मूळ संख्या मिळते ती थेट १९ एक ओळीने मांडल्यावर. वर्गांचा सुबक डोलाराही दहा एकांवर ढळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या दहाचा हातचा डावीकडे सरकला, ९ चा शून्य झाला आणि ८ चा ९.

देवळालीलाही त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. २१ मध्ये त्याचेच अंक मिळवले की २४ होतात. म्हणजे २४ चा जनक २१. पण २० ला, ३१ ला असा कोणीच जनक नाही. मराठीत यांना स्वयंभूच म्हणावं. कापरेकरांनी १९६३ मध्ये यांवर पुस्तिका काढली, ती देवळालीतच. या संख्यांना 'देवळाली संख्या' म्हणू लागले. १९७४ मध्ये कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी तोच प्रश्न मांडला, आणि या संख्यांना 'कोलंबियन' हे दुसरं नावही चिकटलं. दोन अंकी देवळाली संख्यांत मूळ संख्या तीनच: ३१, ५३ आणि ९७.