चार महाभूतांची कथा आणि तिचे रसिक

कलेचा इतिहास लिहिताना आपण कलावंतांची चरित्रे लिहितो, आश्रयदात्यांची नावे नोंदवितो, फार तर समीक्षकांचे वाद देतो. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप असतो त्या रसिकाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो तिकीट काढतो, टाळी देतो आणि अंधारात घरी जातो, अशीच आपली कल्पना असते. पण कधी कधी हा रसिक उठून उभा राहतो, 'ही कथा आमचीही आहे' असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे पुढच्या घटनांना वळण देते. गेल्या वीस वर्षांतले असे एक प्रकरण आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो. ते अमेरिकेत घडले. मुलांसाठी काढलेल्या एका चित्रमालिकेवरून घडले. आणि त्याच्या मुळाशी आपल्या ओळखीचा एक संस्कृत शब्द आहे. आम्ही स्वतः त्या मालिकेच्या भक्तांपैकी आहो, हे आधीच सांगून टाकणे बरे. तटस्थतेचा आव आम्हांस साधणार नाही.

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही ॲनिमेशनची मालिका निकेलोडियन या अमेरिकन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झाली आणि १९ जुलै २००८ रोजी संपली. तिचे एकूण ६१ भाग. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को हे तिचे दोन जनक. जल, पृथ्वी आणि अग्नी अशी नावे दिलेली तीन 'पुस्तके' म्हणजे तिची तीन पर्वे. आपल्या पंचमहाभूतांतले आकाश तेवढे तिने वगळले आहे. उरलेल्या चारांची चार राष्ट्रे, आणि प्रत्येक राष्ट्रात आपापले महाभूत हाताच्या हालचालींनी वळविणारे लोक, अशी तिची सृष्टी आहे. चारही महाभूते ज्याला वश होतात तो अवतार. तो मरतो, दुसऱ्या राष्ट्रात पुन्हा जन्म घेतो, आणि जगाचा तोल सांभाळतो.

कथा थोडक्यात अशी. बारा वर्षांचा आंग हा वायुपंथी भिक्षू अवतार असल्याचे त्याला फार लवकर सांगितले जाते. त्या ओझ्याला भिऊन तो पळतो, वादळात सापडतो आणि बर्फात शंभर वर्षे गोठून राहतो. कटारा आणि सोक्का ही दक्षिण ध्रुवाकडची दोन भावंडे त्याला बाहेर काढतात, तेव्हा त्याला कळते, की अग्निराष्ट्राने जग जिंकायला घेतले असून त्याचे स्वतःचे लोक समूळ मारले गेले आहेत. तिसऱ्याच भागात तो आपल्या जुन्या मठात जातो आणि तेथे आपल्या गुरूचा सांगाडा पाहतो. मुलांच्या मालिकेत, तेही आरंभीच, वंशविच्छेदाचे हे दुःख इतक्या संयमाने ठेवलेले पाहून आम्ही त्या क्षणीच या कथेचे झालो.

या कल्पनेचा उगमही मनोरंजक आहे. कोनिएट्झ्को यांच्याजवळ एका टकल्या प्रौढ माणसाचे जुने रेखाचित्र होते. त्यांनी त्याला लहान मुलगा केले आणि आकाशात गव्यांचा कळप हाकायला लावले. त्याच सुमारास डिमार्टिनो दक्षिण ध्रुवावर अडकलेल्या संशोधकांवरचा माहितीपट पाहत होते. एकाचे वारे आणि दुसऱ्याचे बर्फ एकत्र आले, त्यांच्यामागे आग लागली, आणि कथा उभी राहिली. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती निष्ठेने निभावणे वेगळे. या मंडळींनी प्रत्येक महाभूताला चीनची एकेक खरीखुरी युद्धकला नेमून दिली : जलाला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तर शाओलिन आणि वायूला बाग्वाझांग. त्यासाठी सिफू किसू हे जाणकार सल्लागार नेमले. पडद्यावर दिसणारा चिनी मजकूर नुसता शोभेचा नसावा म्हणून सुलेखनकाराचे साहाय्य घेतले. चित्रे हलविण्याचे मोठे काम दक्षिण कोरियातील स्टुडिओंनी केले. आशियाची उसनवारी करणाऱ्या पाश्चात्त्य कृती पुष्कळ आहेत. उसने घेतलेले इतक्या आदराने वागविणाऱ्या थोड्या. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस एक भारतीय वळणाचा गुरू आंगला सप्तचक्रे समजावून देतो. मूलाधारापासून वर चढत जाणारा तो क्रम आपल्याकडच्या एखाद्या आजोबांनीही मान डोलवून ऐकावा, असा आहे.

या मालिकेतील आयरो हे पात्र तिच्या भक्तांचे दैवत होय. अग्निराष्ट्राचा हा माजी सेनापती पुत्रशोकाने युद्धातून मन काढून घेतो आणि चहा करण्यात रमतो. त्याला आवाज दिला होता माको या जपानी वंशाच्या नटाने. २१ जुलै २००६ रोजी ते वारले, आणि मृत पुत्राच्या वाढदिवशी टेकडीवर एकटाच बसलेला आयरो ज्या प्रकरणात दिसतो ते प्रकरण त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आले. या माकोंचा आणखी एक परिचय येथे करून देणे अगत्याचे आहे. आशियाई चेहऱ्याच्या नटांना अमेरिकेत नोकराचाकरांपलीकडच्या भूमिका क्वचितच मिळत, म्हणून लॉस एंजेलिस येथे १९६५ साली 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाट्यसंस्था काढण्यात आली. तिच्या संस्थापकांत माको हे प्रमुख होते. पुढे जो वाद पेटला त्याची वात अशी चाळीस वर्षे आधीच वळून ठेवलेली होती.

मालिकेचा शेवट तर भारतीय मनाला फारच जवळचा वाटावा असा आहे. अग्निराज ओझाई याला मारल्यावाचून जग वाचणार नाही, असे सारे आंगला सांगतात. तो म्हणतो, माझ्या गुरूंनी शिकविले की प्रत्येक जीव पवित्र आहे. मग तो आपल्याच पूर्वजन्मांना विचारतो. त्याच्याच पंथातली पूर्वीची एक अवतार त्याला सांगते, की तुझे कर्तव्य जगाशी आहे. स्वतःच्या आत्मिक शुद्धीची पर्वा तुला करता येणार नाही. कुरुक्षेत्रावरचा पेच येथे बारा वर्षांच्या पोरापुढे उभा राहतो, आणि पोर गीतेतल्या अर्जुनाहून वेगळा मार्ग काढते : तो शत्रूची शक्ती काढून घेतो, प्राण घेत नाही. हे उत्तर सोपे झाले, असे म्हणणारे भक्तांतही आहेत. आम्हांला मात्र तो प्रश्न इतक्या गांभीर्याने विचारला गेला याचेच अप्रूप अधिक. २००८ सालच्या पीबॉडी पुरस्काराने या गुणांवर मोहोर उठविली.

असे यश मिळाले की चित्रपट निघणारच. जानेवारी २००७ मध्ये त्याची घोषणा झाली आणि दिग्दर्शक म्हणून एम. नाइट श्यामलन यांचे नाव पुढे आले. श्यामलन यांचा जन्म १९७० साली माहे येथला, वाढ फिलाडेल्फियाजवळची. त्यांच्या मुलीला एका सणाच्या सोंगासाठी कटारा व्हायचे होते, त्यातून त्यांचे सारे कुटुंब ही मालिका पाहू लागले. म्हणजे दिग्दर्शक स्वतःच भक्त, आणि जन्माने आशियाई! याहून चांगला योग तो कोणता, असे भक्तमंडळींना वाटले असल्यास नवल नाही.

डिसेंबर २००८ मध्ये नटांची नावे जाहीर झाली आणि या आनंदावर विरजण पडले. आंग, कटारा, सोक्का आणि झुको या चारही प्रमुख भूमिकांसाठी गोरी मुले निवडण्यात आली होती. हिमप्रदेशातील आदिवासींच्या आणि तिबेटी भिक्षूंच्या वळणावर घडविलेली ही पात्रे. त्यांचा वेश आशियाचा, लिपी आशियाची, युद्धकला आशियाची, आणि चेहरे तेवढे नकोत! रसिकांनी चित्रपटकंपनीला पत्रे लिहिण्याची मोहीम काढली. पुढे २००९ साली 'रेसबेंडिंग' नावाची संघटनाच उभी राहिली. महाभूते 'वळविणे' यासाठी मालिकेत जो शब्द आहे त्यावरची ही कोटी : यांनी तर वंशच वळविला! आशियाई अमेरिकनांच्या संस्था तिच्या पाठीशी आल्या. ज्यांना जग पोरकट छंदाचे लोक समजत होते त्यांनी नोकरीच्या जाहिरातीतील शब्द तपासले, निवडीच्या पद्धतीवर बोट ठेवले आणि बहिष्काराची हाक दिली. ही चळवळ आंगचे बोट धरून आली असली तरी तिचा प्रश्न माकोंचाच होता.

यानंतरची कलाटणी आपणा भारतीयांना चिंतन करायला लावणारी आहे. झुकोची भूमिका करणारा गोरा गायक बाहेर पडला आणि त्याच्या जागी देव पटेल हा लंडनचा गुजराती वंशाचा नट आला. सेनापती झाओ झाला आसिफ मांडवी, जन्माने मुंबईकर. अग्निराष्ट्राची बहुतेक प्रमुख माणसे आता भारतीय, इराणी, माओरी अशा सावळ्या वर्णाची झाली. पडद्यावर आपली माणसे आली म्हणून आनंद मानावा, तर आक्रमक आणि जुलमी राष्ट्र सावळे, त्याच्या तावडीतून जग सोडविणारी मुले गोरी, असे चित्र उभे राहिले. श्यामलन यांनी आपल्या चित्रपटातील वर्णवैविध्याचा हिरिरीने बचाव केला. त्यांच्या हेतूबद्दल आम्ही शंका घेणार नाही. परंतु हेतू दिग्दर्शकाच्या मनात राहतो आणि चित्र प्रेक्षकाच्या डोळ्यांत.

१ जुलै २०१० रोजी 'द लास्ट एअरबेंडर' अमेरिकेत प्रदर्शित झाला. नावातला 'अवतार' गळाला होता, कारण त्याच नावाचा जेम्स कॅमेरॉन यांचा चित्रपट २००९ साली येऊन गेला होता. वंशाचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी कृती म्हणून तो कोसळला. वीस भागांचे पहिले पर्व १०३ मिनिटांत कोंबल्यामुळे पात्रांना जगायला अवधी उरला नाही. जे घडावे ते कोणीतरी सांगून टाकते. मालिकेत पृथ्वीवश कैद्यांना समुद्रातल्या लोखंडी तळावर ठेवले होते, कारण तेथे माती नाही. चित्रपटात ते चक्क मातीच्या मैदानातच कैद आहेत आणि तरी हताश बसले आहेत! सहा माणसे घटकाभर अंगविक्षेप करतात आणि एक लहानसा दगड संथपणे तरंगत जातो, हे दृश्य तर भक्तमंडळींत कायमचे थट्टेचे स्थान मिळवून बसले. ज्याचे हास्य हा मालिकेचा प्राण, तो आंग येथे क्वचितच हसतो. सुमारे १५ कोटी डॉलरांच्या या चित्रपटाने जगभरात त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मिळकत केली, पण समीक्षकांनी तो झोडपला, 'गोल्डन रास्पबेरी' या उपहासात्मक पुरस्कारांपैकी पाच त्याच्या वाट्याला आले, आणि योजलेले पुढचे दोन भाग कधी निघालेच नाहीत.

एका गोष्टीत मात्र न्याय केला पाहिजे. मालिकेत 'अवतार' या शब्दाचा इंग्रजी वळणाचा उच्चार होत असे. श्यामलन यांनी तो आशियाई वळणाकडे आणला आणि इतर नावांचेही उच्चार बदलले. त्यावरही भक्त रागावले. म्हणजे जो उच्चार मुळाच्या जवळचा तोच मालिकेच्या रसिकाला परका वाटला! रसिकाची निष्ठा इतिहासातल्या मुळाशी नसून त्याने प्रथम प्रेमाने जे ऐकले त्याच्याशी असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत मुळाचा आग्रह आणि उच्चारांच्या बाबतीत सवयीचा, ही विसंगती भक्तांच्या पदरी टाकल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

पुढची हकीकत त्वरेने सांगता येते. चित्रकथाकार जीन लुएन यांग यांनी निवडीविरुद्ध २००९ साली एक चित्रकथा काढून निषेध केला होता. मालिकेच्या अखेरीनंतरची कथा चित्रपुस्तकांतून सांगण्याचे काम पुढे त्यांच्याकडेच सोपविण्यात आले आणि २०१२ पासून ती पुस्तके निघू लागली. तक्रार घेऊन दाराशी आलेल्यालाच घरात घेऊन लेखणी द्यावी, असे भाग्य किती निषेधकांना लाभते? २०२० साली मूळ मालिका अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली आणि नव्या पिढीने तिला डोक्यावर घेतले. त्याच वर्षी, नेटफ्लिक्सच्या नव्या सजीव रूपांतरातून दोघे मूळ जनक कलाविषयक मतभेदांमुळे बाहेर पडले. ते रूपांतर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी आठ भागांत आले. त्याच्या गुणदोषांवर मते भिन्न आहेत; परंतु त्यातील प्रमुख चेहरे आशियाई आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वंशांतून निवडले गेले. २००८ साली जे मागणे हट्टाचे वाटले तेच पंधरा वर्षांत रीत होऊन बसले. रसिकांच्या पत्रांची ही कमाई होय.

रूपांतर म्हणजे एका परीने बदलीच. बदलीचा अर्थ आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावा? नव्या ठाण्यावर घर बदलते, बाजार बदलतो, मुलांची शाळेतली भाषा बदलते. कढीला तिथल्या चण्याच्या पिठाची चव येते आणि चार वर्षांत मराठीत तिथले शब्द मिसळतात. त्याचे वाईट वाटून घेणारा मनुष्य सुखाने नोकरी करू शकत नाही. परंतु सामानाच्या पेट्या बांधताना एक लहानशी पेटी अशी असते, की ती मालमोटारीत न टाकता आपण हातात घेतो. कथेचीही अशी एक पेटी असते. आंगच्या कथेत ती होती : एका हसऱ्या, निर्वंश झालेल्या मुलाचे शोकाला आणि सूडाला नमविणे, आणि ज्या लोकांच्या वळणावर ही सृष्टी घडली त्यांचा मान. १०३ मिनिटांच्या चित्रपटाने मालमोटार भरून सामान नेले. ग्रीनलंडचे खरे बर्फ नेले, पैसा नेला, उच्चारसुद्धा दुरुस्त करून नेले. हातातली पेटी तेवढी जुन्या घरी राहिली.

आपल्या मुलांना 'अवतार' हा शब्द आजीच्या तोंडून आधी ऐकू येईल की पडद्यावरून, हे आता आपल्या हाती राहिलेले नाही. दूरच्या ठाण्यावर तर बहुधा पडदाच आधी बोलेल. त्याची खंत करण्यापेक्षा त्या पडद्यासमोर मुलांशेजारी बसावे, सप्तचक्रांचा भाग लागला की थोडे अधिक सांगावे, आणि आंग जेव्हा विचारतो की शत्रूला मारणे हाच धर्म काय, तेव्हा अर्जुनालाही हाच प्रश्न पडला होता एवढे हळूच कानात घालावे. पुढचे मूल स्वतः विचारील.