पिंपावर बसलेला माणूस आणि स्वयंसेवकाची मोटार

१/ न्यूयॉर्क शहर, एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध. आगीची घंटा वाजली की बंब बाहेर पडण्याआधीच एखादा दांडगा गडी रिकामे पिंप घेऊन धावत सुटे. आगीच्या सर्वांत जवळचा हायड्रंट गाठायचा, त्यावर पिंप पालथे घालायचे आणि आपल्या कंपनीचा बंब येईपर्यंत त्यावर ठाण मांडून बसायचे, एवढेच त्याचे काम. दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी पिंप हलवू पाहिले की हाणामारी जुंपे. आग तिकडे आपली जळतच असे.

२/ ही सगळी मंडळी बिनपगारी स्वयंसेवक होती. त्यांच्या भांडणाचा विषय, म्हणजे आगीजवळची जागा कोणाची, आजही मिटलेला नाही. फरक इतकाच की पिंपाच्या जागी आता स्वयंसेवकाची स्वतःची मोटार आली आहे. संकटात धावून जाणाऱ्याने आपली गाडी कोठे लावावी आणि त्यासाठी त्याला इतरांहून निराळी मुभा असावी काय? प्रश्न किरकोळ दिसतो. पण त्याच्या मुळाशी पावणेतीनशेहून अधिक वर्षांचा एक जुना व्यवहार आहे. आजचा धागा त्या व्यवहाराविषयी.

३/ आरंभ फिलाडेल्फियापासून करू. डिसेंबर १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी लागणाऱ्या पिशव्या प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने बाळगायच्या, हा तिचा नियम. सभेला गैरहजर राहिल्यास दंड. श्रम स्वतःचे, साधनेही स्वतःची! आजचा स्वयंसेवक स्वतःचे पेट्रोल जाळत आगीकडे धावतो, तो याच परंपरेने.

४/ पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये, न्यूयॉर्क वसाहतीच्या विधिमंडळाने शहरासाठी अग्निशामक नेमण्याचा कायदा केला. पगार नाही. मात्र नेमलेल्या माणसाला कॉन्स्टेबलचे काम, ज्यूरीत बसण्याची सक्ती आणि परचक्र आल्याचा प्रसंग वगळता नागरी फौजेतील चाकरी, या सर्वांतून सूट मिळाली. त्या काळी ही ओझी प्रत्येक धडधाकट पुरुषाच्या मानगुटीवर असत. त्यामुळे ही सूट रोख पैशाहून कमी मोलाची नव्हती.

५/ आपल्याकडच्या वतनसंस्थेचा अभ्यास केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. सेवेच्या मोबदल्यात पगाराऐवजी हक्क आणि मान. साम्य फार ताणू नये, कारण आपले वतन वंशपरंपरेने चाले आणि न्यूयॉर्कची सूट ज्याची त्यालाच मिळे. पण राज्यसत्तेचा हिशेब एकच होता: तिजोरी न उघडता माणूस कामाला लावायचा.

६/ पुढे ठरावीक वर्षे सेवा केलेल्याला ही सूट आयुष्यभरासाठी मिळू लागली. अशांना ‘एक्झेम्प्ट फायरमन’ म्हणत, म्हणजे सूट मिळालेले अग्निशामक. ही संज्ञा न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात आजही जिवंत आहे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ही सूट माणसाला होती. त्याच्या बादलीला किंवा बंबाला नव्हती.

७/ १८६५ साली न्यूयॉर्कने स्वयंसेवकांना निरोप देऊन पगारी दल उभारले. वाफेवर चालणाऱ्या बंबांना फार माणसे लागत नव्हती, हे एक कारण. हायड्रंटवरून होणाऱ्या मारामाऱ्यांना शहर कंटाळले होते, हे दुसरे. लहान गावांना मात्र पगारी दल परवडण्याजोगे नव्हते. म्हणून आजही अमेरिकेतील अग्निशामकांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवकच आहेत.

८/ मोटारीने या स्वयंसेवकाचे जीवन पालटले. पूर्वी तो घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात राहत असे. आता तो कित्येक मैलांवरील घरातून, दुकानातून किंवा शेतातून आपल्या गाडीने निघतो. स्वयंसेवक दलांसाठी घातलेला अमेरिकी मानदंड असा: मध्यम वस्तीच्या भागात १० मिनिटांत १० माणसे, विरळ ग्रामीण भागात १४ मिनिटांत ६ माणसे जागेवर हवीत, आणि तेही दहापैकी किमान आठ वेळा. या १४ मिनिटांतच गाडी चालवणे आले, ती लावणे आले, पोशाख चढवणे आले आणि बंब घेऊन निघणेही आले. केंद्राबाहेर जागा शोधण्यात गेलेली दोन मिनिटे थेट आगीच्या पदरात पडतात.

९/ मग कायद्याने या मोटारीला काय दिले? न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवक अग्निशामकाला आपल्या गाडीवर निळा दिवा लावता येतो. स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवेच्या सभासदाला हिरवा. पाहणाऱ्याला वाटावे, काय हा अधिकार! प्रत्यक्षात त्या दिव्याला केवळ सौजन्याची विनंती एवढाच अर्थ आहे. समोरच्याने वाट दिली तर त्याचे उपकार. निळा दिवा लावलेल्या माणसाला लाल सिग्नलला थांबावेच लागते आणि वेगमर्यादाही पाळावीच लागते.

१०/ पार्किंगचेही तसेच. त्या राज्याच्या वाहतूक कायद्यानुसार ‘अधिकृत आपत्कालीन वाहन’ कामगिरीवर असताना मनाई असलेल्या जागीही उभे राहू शकते. पण बंब या व्याख्येत बसतो. निळ्या दिव्याची खासगी मोटार बसत नाही. हायड्रंटपासून १५ फुटांच्या आत गाडी न लावण्याचा नियम तिलाही लागू आहे. ज्यूरीतून सुटलेल्या माणसाचा हा वारसदार मोटारीत बसला की पुन्हा सामान्य नागरिक होतो.

११/ हा कृतघ्नपणा म्हणावा काय? हायड्रंटपुरते तरी मला तसे वाटत नाही. हायड्रंटसमोर उभी असलेली गाडी, मग ती कितीही सज्जन माणसाची असो, बंबाच्या दृष्टीने पालथे पिंपच असते. अशा गाड्यांच्या काचा फोडून त्यांतून पाण्याचा होज आरपार नेल्याच्या घटना अमेरिकेत नव्या नाहीत. अरुंद ग्रामीण वाटेवर तर अडचण याहून मोठी. तेथे हायड्रंटच नसतात; पाण्याचे टँकर खेपा घालतात. दहा स्वयंसेवक दहा मोटारी घेऊन थेट आगीशी पोहोचले, तर अकरावा येणारा टँकर आत शिरणार कोठून? सेवाभावानेच रस्ता अडतो.

१२/ एक लहानशी मुभा मात्र कायद्याच्या भाषेत सापडते. आगीवर थांबलेल्या बंबापासून ५०० फुटांच्या आत कोणी वाहन थांबवू नये, असा नियम अमेरिकेतील अनेक राज्यांत आहे. पण तो ‘अधिकृत कामावर नसलेल्या’ वाहनांसाठी. म्हणजे कामावर आलेल्या स्वयंसेवकाची गाडी त्या वर्तुळात येऊ शकते. हायड्रंटचे १५ फूट मात्र वर्तुळाच्या आतही तसेच राहतात. माझ्या मते कायद्याने येथे रेषा बरोबर ओढली आहे. त्याची कंजुषी दिसते ती आगीच्या जागी नव्हे, केंद्राच्या दारात, जेथे स्वयंसेवकाला हक्काची जागा मिळणे न मिळणे बहुधा गावाच्या मर्जीवर सोडलेले असते.

१३/ नेमका हाच धागा जर्मनीने पकडला. तेथील परंपराही जुनी. १८४६ साली डुर्लाख गावात क्रिश्चन हेंगस्ट या नगर-वास्तुविशारदाने एक स्वयंसेवक पथक उभारले आणि कार्ल मेट्झच्या कारखान्यातला हातपंप त्यासाठी घेतला. २८ फेब्रुवारी १८४७ रोजी शेजारच्या कार्ल्सरूहे येथील दरबारी नाट्यगृह पेटले. साठहून अधिक माणसे दगावली. डुर्लाखचे पथक धावून गेले आणि त्याने आग शेजारच्या इमारतींत पसरू दिली नाही. या शिस्तबद्ध कामगिरीने स्वयंसेवक दलांची कल्पना जर्मन प्रदेशांत रुजली. आज तेथे सुमारे दहा लाख स्वयंसेवक अग्निशामक आहेत.

१४/ जर्मन वाहतूक नियमावलीचे कलम ३५ निकडीच्या कामात असलेल्या अग्निशमन दलाला नियमांतून मोकळे करते. खासगी मोटारीतून केंद्राकडे निघालेला स्वयंसेवक हा ‘दल’ ठरतो काय? न्यायालयांत यावर दुमत राहिले आहे. श्टुटगार्टच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २००२ साली तत्त्वतः होकार दिला. पण कोणाला धोका न पोहोचवता, अत्यंत मर्यादेने, अशी वेसणही घातली. निळा दिवा नाहीच. छपरावर ‘अग्निशमन दल कामगिरीवर’ अशा अर्थाची पाटी लावता येते. तिने वाटेवर कोणताही हक्क मिळत नाही. रस्त्यात अपघात झाला, तर आपले वागणे योग्य होते हे पटवण्याची वेळ त्या स्वयंसेवकावरच येते.

१५/ मात्र केंद्राच्या दारात त्याची जागा मोजून ठेवलेली असते. अग्निशमन केंद्रांच्या बांधणीसाठी जर्मनीत ‘डीआयएन १४०९२’ नावाचा मानदंड आहे. त्यानुसार केंद्रातील बंबांत एकूण जितकी आसने, निदान तितक्या मोटारींची जागा बाहेर हवी. आणि कमीत कमी १२. घाईने आत येणाऱ्या मोटारी आणि बाहेर पडणारे बंब यांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत, अशीही अपेक्षा आहे. नऊ आसनांचे दोन बंब असतील तर अठरा मोटारींची जागा. स्वयंसेवक एका बाजूने येतो, गाडी लावतो, आत धावत जाऊन पोशाख चढवतो. आणि बंब दुसऱ्या बाजूने निघतो, तेव्हा त्याची मोटार कोणाच्याही वाटेत नसते.