‘पोट साफ होत नाही’ : एका रोगनामाचा व त्याच्या संकेतांकाचा इतिहास

सारसोळे हे नेरूळ परिसरातील खाडीकाठचे जुने गाव. आज ते नवी मुंबईच्या वस्तीने वेढलेले आहे. तेथील रुग्ण काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणी काय, डॉक्टरांपुढे बसून बहुधा एवढेच सांगतो : ‘पोट साफ होत नाही.’ या चार शब्दांचे निदानात व पुढे संकेतांकात रूपांतर कसे होते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

आयुर्वेदाने कोष्ठाचे मृदू, मध्य व क्रूर असे तीन प्रकार मानले. मराठीतील ‘बद्धकोष्ठ’, ‘कोठा जड होणे’ हे प्रयोग त्याच परंपरेतले. त्यांत शौचाच्या संख्येपेक्षा कोठ्याच्या स्वभावाला व रुग्णाच्या अनुभवाला महत्त्व आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ हे नाव १९४४ च्या सुमारास वापरात आले. १९७८ मध्ये मॅनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणांवरून निदान करण्याचे निकष मांडले. २०१६ च्या चौथ्या ‘रोम’ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी हवी, तसेच तिचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी वा मळाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी दोहोंशी संबंध हवा. आरंभ सहा महिन्यांपूर्वीचा असावा. घट्ट, खड्यांसारखा मळ चतुर्थांशाहून अधिक वेळा व पातळ मळ त्याहून कमी वेळा असेल, तर तो बद्धकोष्ठप्रधान प्रकार होय. दुखणे नसेल तर तो निराळा विकार ठरतो. मळातून रक्त जाणे, वजन घटणे अशी चिन्हे असल्यास अधिक तपासणी आवश्यक असते.

भारतीय जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या २००८ मधील पाहणीत असे दिसले की, येथील अनेकजण रोज शौचास जाऊनही स्वतःस बद्धकोष्ठी समजतात. ‘साफ’ या शब्दाचा अर्थ न विचारता केवळ ‘आठवड्यातून किती वेळा?’ एवढेच विचारले, तर असा रुग्ण निरोगी ठरतो.

संकेतांकाची कथा याहून बोधप्रद आहे. १९९० साली संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्रारंभी दोनच घरे होती : के ५८.० अतिसारासह व के ५८.९ अतिसाराविना. म्हणजे बद्धकोष्ठाला स्वतःचे नावच नव्हते. केवळ दुसऱ्याचा अभाव हीच त्याची ओळख. अमेरिकी रूपांतरात २०१६ मध्ये के ५८.१ हे बद्धकोष्ठाला मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या पाठात मात्र तेच के ५८.१ अतिसारप्रधान प्रकाराचे असून, बद्धकोष्ठप्रधान प्रकार के ५८.२ आहे. नवी मुंबईतील कार्यालयांत अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींचे संकेतन होते. तेथील अभ्यस्त हात भारतीय नोंदीवर चालला, तर एकच अंक उलट अर्थ सांगेल. एकाला रेच द्यावा लागतो, दुसऱ्याला स्तंभक. म्हणून ही चूक केवळ कारकुनी नव्हे.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : अंक स्वतः बोलत नाही, तो ज्या ग्रंथातला आहे त्या ग्रंथाच्या भाषेत बोलतो. म्हणून नोंदीत अंकासोबत ग्रंथाचे नाव व पाठ, तसेच रुग्णाचे मूळ शब्दही असावेत. ‘पोट साफ होत नाही’ हे निदान नव्हे. परंतु निदानाची पहिली व सर्वांत विश्वसनीय साक्ष तीच आहे.